हेडलीशी झालेल्या सौद्याची बाजू

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात टिपलेला अजमल कसाबचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा यांनी गोळीबार चालू असताना तो काढला आणि पुढे खटल्यात तो पुरावा म्हणून दाखल झाला. पाठीवर सॅक, हातात एके-४७ आणि मनगटावर धागा. देवळातून परतताना आपल्याकडे माणसे बांधून येतात, तसला. पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या या पोराच्या मनगटावर असा धागा बांधायची कल्पना कुणाची, हे इथल्या न्यायालयात समोर यायला सात वर्षे जावी लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात पडदा लावला होता आणि त्यावर अमेरिकेतला एक साक्षीदार बोलत होता. सिद्धिविनायक मंदिरात गेलो असताना मी लाल-पिवळे धागे विकत घेतले, पाकिस्तानात परतल्यावर ते लष्कर-ए-तोयबाच्या साजिद मीरकडे दिले, हल्लेखोर भारतीय वाटावेत हा त्यामागचा हेतू होता, असे त्याने शपथेवर सांगितले.

हा साक्षीदार म्हणजे डेव्हिड कोलमन हेडली. त्याला पश्चात्ताप झाला म्हणून तो बोलत होता, असे मानायचे काहीच कारण नाही. बोलणे त्याला भाग होते. १८ मार्च २०१० रोजी शिकागोच्या संघीय न्यायालयात त्याने आपल्यावरचे बाराच्या बारा आरोप कबूल केले, त्या दिवशी अमेरिकी सरकारशी त्याने लेखी करार केला होता. त्या करारात दोन वचने सरकारने दिली होती. त्याला फाशी मागितली जाणार नाही आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्या हवाली केले जाणार नाही. बदल्यात त्याने सगळे सांगायचे, मागतील तेव्हा साक्ष द्यायची, परदेशी न्यायालयांपुढेसुद्धा.

बातमी आली आणि आपल्याकडे संतापाचा डोंब उसळला. वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत सूर एकच होता. १६६ माणसे आपली गेली, शहर आपले जळाले आणि ज्याने त्या शहराचे कोपरे न् कोपरे मारेकऱ्यांना दाखवले त्याला अमेरिकेने पदराखाली घेतले. काहींनी त्याला अमेरिकी गुप्तचरांचा हस्तक ठरवले आणि हा करार म्हणजे त्याचे तोंड बंद करण्याची युक्ती आहे असे लिहिले. त्या संतापामागचे दुःख खरे होते, आजही आहे. तरी मी हा लेख त्या कराराच्या बाजूने लिहितो आहे. २६/११ चा कट नेमका कसा रचला गेला यातले आज आपल्याला जे पक्के ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग याच करारातून हाती आला. करार झाला नसता तर आपल्याला काय मिळाले असते, हा प्रश्न त्या वेळच्या टीकेत फारसा कुणी विचारला नाही.

आधी या माणसाने केले काय ते पाहू, कारण सौद्याची किंमत त्यावरच ठरते. हेडलीचे जन्मनाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकी. १९६० मध्ये वॉशिंग्टनला जन्म, शिक्षण पाकिस्तानात हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजात. तिथेच त्याची तहव्वुर राणाशी मैत्री झाली. २००२ ते २००५ या काळात लष्कर-ए-तोयबाच्या शिबिरांत पाच वेळा जाऊन त्याने प्रशिक्षण घेतले. २००५ च्या अखेरीस त्याला भारतात पाहणी करण्याचे काम सोपवले गेले. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याने फिलाडेल्फियात रीतसर नाव बदलून घेतले, कारण पासपोर्टवर मुस्लिम नाव आणि पाकिस्तानचा उल्लेख असता तर भारतात प्रत्येक वेळी चौकशी झाली असती. मग राणाच्या इमिग्रेशन कंपनीची शाखा म्हणून त्याने मुंबईत ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये कार्यालय थाटले. गोरा, इंग्रजी सफाईने बोलणारा, व्हिसाचा धंदा करणारा अमेरिकी. संशय येण्यासारखे वरवर काहीच नव्हते.

सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात तो मुंबईत पाच मोठ्या फेऱ्या करून गेला. ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय, लिओपोल्ड कॅफे, नरिमन हाउस, सीएसटी, या सगळ्यांची त्याने चित्रफीत काढली. प्रत्येक फेरीनंतर पाकिस्तानात जाऊन तो ती दाखवायचा, सूचना घ्यायचा आणि परत यायचा. एप्रिल २००८ च्या फेरीत तो बोटीने मुंबईच्या बंदरात आणि आसपास फिरला, उतरता येईल अशा जागा शोधत, त्यांचे अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्रात साठवत. सात महिन्यांनी ते दहा हल्लेखोर कफ परेडजवळ बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीला रबरी होडीतून लागले. हल्ल्यानंतरही तो थांबला नाही. डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टेन’ या वर्तमानपत्राच्या कचेरीची पाहणी त्याने जानेवारी २००९ मध्ये केली, मार्चमध्ये पुन्हा भारतात येऊन दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज आणि ठिकठिकाणची ज्यू प्रार्थनास्थळे पाहिली. पुण्यालाही तो येऊन गेला होता. ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर फिलाडेल्फियाच्या विमानात बसण्याआधी एफबीआयने त्याला पकडले. तिथून त्याला पुढे पाकिस्तान गाठायचे होते.

पकडल्यावर काही तासांतच तो बोलू लागला आणि पुढे दोन आठवडे बोलत राहिला. राणाला १८ ऑक्टोबरला अटक झाली. या कबुलीजबाबावर, ई-मेलवर आणि त्याने काढलेल्या चित्रफितींवर त्याला स्वतःला दोषी ठरवणे अमेरिकी सरकारी वकिलांना जड गेले नसते, असे मला वाटते. म्हणजे करार केला तो हेडलीला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, ती होणारच होती. करार केला तो इतरांपर्यंत पोचण्यासाठी. साजिद मीर कोण, ‘मेजर इक्बाल’ कोण, पैसे कुणी दिले, बोट कुणी मिळवली, कधी आणि कुठे भेटी झाल्या, हे हेडलीच्या डोक्यात होते. कागदांत त्याचे तुकडे होते, पण तुकडे स्वतःहून साक्ष देत नाहीत. कुणीतरी उभे राहून सांगावे लागते, की या ई-मेलमधला हा शब्द म्हणजे हा माणूस आणि या तारखेला आम्ही अमुक घरात बसलो होतो.

अमेरिकेत असे करार अपवाद नाहीत, तिथली फौजदारी व्यवस्थाच त्यांवर चालते. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नोंदवले, की संघीय न्यायालयांतले ९७ टक्के दोषी ठरवले गेलेले आरोपी स्वतः गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. या पद्धतीचे दोष मोठे आहेत. गरीब, दुबळा, निर्दोष माणूससुद्धा मोठ्या शिक्षेच्या भीतीने कबुली देऊन टाकतो, ही तिच्यावरची टीका रास्त आहे आणि ती चालू राहिली पाहिजे. पण हेडली काही न केलेला गुन्हा भीतीपोटी कबूल करत नव्हता. शिवाय अशी कबुली न्यायाधीशांपुढे उघड न्यायालयात द्यावी लागते. आरोपीला प्रश्न विचारून ती स्वखुशीची आहे की नाही हे तपासले जाते आणि गुन्ह्याची हकीकत तपशिलात मांडावी लागते. हेडलीचा करारनामा म्हणूनच सर्वांना वाचायला खुला झाला. मुंबईतल्या पाच फेऱ्यांची, बोटींची, जीपीएसची हकीकत जगापुढे पहिल्यांदा एवढ्या सलग रूपात आली ती त्याच कागदात.

शिक्षा किती द्यायची हे सरकारने करारात ठरवून टाकले नव्हते, तो अधिकार न्यायाधीशांकडेच राहिला. हेडलीने खोटे बोलल्यास किंवा सहकार्य थांबवल्यास सरकारवरचे बंधन सुटणार होते आणि फाशीची टांगती तलवार पुन्हा वर येणार होती.

फाशीच्या मुद्द्यावर दोन शब्द बोलले पाहिजेत. सहा अमेरिकी नागरिक मुंबईत मारले गेले होते, त्यामुळे अमेरिकी कायद्याने हेडलीला देहदंड होऊ शकत होता. तो व्हावा असे वाटणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्यांच्या घरातले माणूस ताजच्या पायऱ्यांवर किंवा सीएसटीच्या फलाटावर गेले, त्यांना न्यायाची व्याख्या मी शिकवू शकत नाही. पण फाशीची खात्री होती असे समजायचे कारण नव्हते. ११ सप्टेंबरच्या कटातल्या झकारियास मुसावीने २००५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि सरकारने फाशीसाठी जंग जंग पछाडले, तरी २००६ मध्ये ज्यूरीने त्याला जन्मठेपच दिली. आणि समजा हेडलीला फाशी झाली असती, तर ज्याला मरणच येणार आहे तो साजिद मीरविरुद्ध तोंड कशासाठी उघडील? फाशीची भीती हेच सरकारी वकिलांच्या हातातले सगळ्यात मोठे चलन होते. ते खर्च केल्याशिवाय काही मिळणार नव्हते.

आता प्रत्यार्पण. टीकेचा सगळ्यात मोठा रोख यावर होता आणि त्यात तथ्यही आहे. कराराने हा दरवाजा खरोखरच बंद केला. टीकाकारांचा मुद्दा मी जास्तीत जास्त बळकट करून मांडतो. भारत आणि अमेरिकेतला प्रत्यार्पण करार १९९७ चा आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार ज्या गुन्ह्यासाठी एखाद्याला तिथे दोषी किंवा निर्दोष ठरवले गेले आहे, त्याच गुन्ह्यासाठी त्याला हवाली करता येत नाही. स्वतःच्या प्रत्यार्पणाला विरोध करताना राणाने याच कलमाचा आधार घेतला होता. अमेरिकी न्यायालयांनी मात्र सांगितले, की ‘तोच गुन्हा’ म्हणजे तीच घटना नव्हे. दोन्ही देशांतल्या आरोपांचे कायदेशीर घटक वेगळे असतील तर प्रत्यार्पण होऊ शकते. या निकषाने हेडलीवरही भारतात काही वेगळे आरोप ठेवता आले असते. म्हणजे करारात ते वचन नसते तर कागदोपत्री वाट उघडी होती.

पण कधी? राणा अमेरिकेतल्या शिक्षेतून २०२० मध्ये सुटला आणि भारताच्या मागणीवरून त्याला लगेच पुन्हा अटक झाली. अमेरिकी सरकारची त्याला पाठवायची पूर्ण तयारी असताना एकामागून एक न्यायालयांच्या पायऱ्या चढून तो भारतात पोचला एप्रिल २०२५ मध्ये. जवळपास पाच वर्षे. करार न करता हेडलीवर खटला चालला असता तर त्याला जन्मठेप किंवा फाशी झाली असती आणि ती शिक्षा अमेरिकेतच भोगून झाल्याशिवाय त्याला इकडे पाठवण्याचा प्रश्न सहसा उद्भवला नसता. जन्मठेप भोगून झाल्यावर कोण यायचे?

आणखी एक गोष्ट. समजा अमेरिकेने मनाचा मोठेपणा दाखवून खटल्याआधीच त्याला मुंबईला पाठवले असते. इथे तो आरोपी म्हणून उभा राहिला असता. आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. एक शब्द न बोलता त्याला वर्षानुवर्षे आर्थर रोडमध्ये बसता आले असते. आपल्या हाती पिंजऱ्यातला हेडली आला असता, पण त्याच्या डोक्यातले काही आले नसते. ते दृश्य पाहून लोकांना बरे वाटले असते, हे मला समजते. पण तपासाच्या दृष्टीने बोलणारा साक्षीदार हा मुका आरोपी मिळण्यापेक्षा कितीतरी मोलाचा होता.

तो बोलला. जून २०१० मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचे, म्हणजे एनआयएचे अधिकारी शिकागोला गेले आणि सात दिवस त्यांनी त्याची चौकशी केली. प्रश्नांवर बंधन नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये एनआयएने नऊजणांवर आरोपपत्र दाखल केले. लष्कर-ए-तोयबाचे हाफिज सईद, झकीउर रहमान लखवी, साजिद मीर आणि आयएसआयचे अधिकारी म्हणून हेडलीने ज्यांची नावे घेतली ते मेजर इक्बाल आणि मेजर समीर अली त्यात होते. अमेरिकेनेही एप्रिल २०११ मध्ये साजिद मीर आणि मेजर इक्बाल यांना मुंबईच्या कटात आरोपी केले. तोपर्यंत मुंबईच्या हल्ल्यामागे पाकिस्तानी यंत्रणेतले लोक आहेत, असे भारत म्हणत होता आणि पाकिस्तान झटकत होता. आता अमेरिकेच्या ग्रँड ज्यूरीने मंजूर केलेल्या आरोपपत्रात ‘मेजर’ असे लिहिलेले होते.

मे २०११ मध्ये राणाच्या खटल्यात हेडली शिकागोच्या उघड न्यायालयात अनेक दिवस साक्ष देत होता. ओसामा बिन लादेन अबोटाबादला मारला गेल्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. अशा वेळी आयएसआय आणि लष्कर-ए-तोयबाचे संबंध कसे होते, हे त्याने पत्रकारांनी भरलेल्या न्यायालयात सांगितले. तोंड बंद करण्यासाठी केलेला करार असा नसतो. गुपचूप कबुली घेऊन, साक्षीचे कलम न घालता त्याला तुरुंगात टाकले असते तर तो आरोप पटला असता. या करारात उलट साक्ष देणे हीच अट होती आणि राणाच्या वकिलांनी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यासाठी त्याने केलेल्या जुन्या खबरेगिरीसकट सगळ्यावर त्याची भर न्यायालयात उलटतपासणी घेतली.

मुंबईच्या खटल्यात आपल्याला एक मोठी अडचण होती, ती फारशी कुणाला आठवत नाही. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपींवरही खटला चालला. हल्ल्याच्या जागांचे हाताने काढलेले नकाशे त्यांनी पुरवले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये पुरावा विश्वास ठेवण्याजोगा नाही म्हणून दोघांना सोडले. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मग ज्या शहरात पूर्वी पाऊल ठेवले नव्हते तिथे ते दहाजण इतक्या सफाईने कसे वावरले? याचे उत्तर हाताच्या नकाशात नव्हते. ते तासन्‌तासांच्या चित्रफितीत आणि जीपीएसमध्ये होते आणि ते देणारा माणूस शिकागोच्या तुरुंगात होता.

२०१६ ची साक्ष ही या कराराची आपल्या वाट्याला आलेली थेट फेड. खटला होता २६/११ च्याच कटातला, बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदालवरचा. १० डिसेंबर २०१५ रोजी न्यायाधीश जी. ए. सानप यांनी हेडलीला माफी देऊन माफीचा साक्षीदार केले आणि फेब्रुवारीत सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी त्याची सरतपासणी घेतली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००८ मध्ये हल्ल्याचे दोन प्रयत्न फसले होते, पहिल्या वेळी बोट खडकावर आपटून फुटली आणि शस्त्रे समुद्रात गेली, हे त्याने सांगितले. २००७ मध्ये ताजमध्ये संरक्षण शास्त्रज्ञांच्या बैठकीवर हल्ला करण्याचा बेत होता, हेही सांगितले. धाग्यांची गोष्ट तेव्हाचीच.

त्या माफीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. अमेरिकेने हेडलीशी सौदा केला म्हणून आपण अमेरिकेवर तुटून पडलो, पण आपल्या कायद्यात त्याहून मोठी सूट फार पूर्वीपासून आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०६ व्या कलमाने न्यायालय गुन्ह्यात सामील असलेल्याला पूर्ण माफी देऊ शकत होते, सगळे खरे सांगण्याच्या अटीवर. महाराष्ट्रातले गाजलेले खटले आठवून पाहा. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे कटाची हकीकत उभी राहिली ती मुख्यतः त्याच्या तोंडून. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात टोळीतलाच एक तरुण माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीने पुणे हादरून ऐकत राहिले. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या बालहत्यांच्या खटल्यातही घरातलाच माणूस माफीचा साक्षीदार होता. या तिन्ही खटल्यांत आतल्या माणसाने तोंड उघडले नसते तर काय झाले असते याची कल्पना करून पाहावी. आणि यातले तिघेही सुटले. हेडली सुटला नाही.

माफीच्या साक्षीदारावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. आपला पुरावा कायदा तसे सांगतो, महत्त्वाच्या बाबतीत दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार असल्याशिवाय साथीदाराचा शब्द मानू नये. बडगेने सावरकरांविरुद्ध जे सांगितले त्याला असा आधार मिळाला नाही म्हणून आत्माचरण यांनी त्यांना निर्दोष सोडले, तर गोडसे आणि आपटे यांना फाशी दिली. हाच नियम हेडलीला लावायला हवा आणि लावला गेला आहे. गुजरातमधल्या एका वादग्रस्त चकमकीबद्दल २०१६ च्या सरतपासणीत त्याच्याकडून जे वदवून घेतले गेले, त्यावर आपल्याकडे राजकारण पेटले. पण उलटतपासणीत आपल्याला त्याबद्दल प्रत्यक्ष माहिती नव्हती असे त्याने कबूल केले. अशा ऐकीव गोष्टींना वजन देऊ नये. बोटीच्या फेऱ्या, कार्यालयाचा करार, विमानाची तिकिटे, ई-मेल या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांचा कागद आहे. हेडली खोटारडा आहे या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच, की त्याच्या शब्दावर कुणी भरवसा ठेवायचाच नाही, तो ज्या कागदाकडे बोट दाखवतो तो कागद तपासायचा. शिकागोच्या ज्यूरीनेही तेच केले. डेन्मार्कच्या कटात आणि लष्करला मदत केल्याबद्दल तिने राणाला दोषी धरले, मुंबईच्या आरोपातून मात्र सोडले.

आता ज्या आक्षेपाला मला सोपे उत्तर देता येत नाही त्याकडे येतो. हेडलीने अमेरिकी सरकारशी केलेला हा पहिला सौदा नव्हता. १९८८ मध्ये तो फ्रँकफर्टला हेरॉइनसह पकडला गेला, साथीदारांविरुद्ध माहिती देऊन कमी शिक्षेवर सुटला. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा पकडला गेला, अमली पदार्थविरोधी खात्याचा खबरी झाला आणि पुन्हा थोडक्यात निभावले. त्या खात्यासाठी काम करणारा हाच माणूस पुढे लष्करच्या शिबिरांत पोचला. शोधपत्रकारिता करणाऱ्या ‘प्रोपब्लिका’ या संस्थेच्या सेबॅस्टियन रोटेला यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये दाखवून दिले, की हेडलीच्या बायकांनी हल्ल्याआधीच अमेरिकी अधिकाऱ्यांना सावध केले होते, एकीने २००५ मध्ये न्यूयॉर्कला आणि दुसरीने इस्लामाबादच्या दूतावासात. त्या माहितीचे पुढे काही झाले नाही.

ही पत्रकारिता अव्वल दर्जाची होती आणि तिने अमेरिकी यंत्रणांना जाब विचारला तो अगदी बरोबर विचारला. माझे म्हणणे असे, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडच्या टीकेने त्या एकात एक मिसळल्या. २००८ च्या आधी अमेरिकेने हेडलीकडे कानाडोळा केला, हा अपराध आहे. २०१० मध्ये त्याच्याशी केलेला करार हा त्या अपराधाचा पुढचा भाग नाही. जुन्या सौद्यांत त्याला मोकळे सोडले होते, रस्त्यावर फिरून खबरा आणण्यासाठी. त्या कामात न्यायालय नव्हते, शपथ नव्हती, उलटतपासणी नव्हती, त्याच्यावर कुणाचे लक्षही नव्हते. २०१० च्या सौद्यात तो तुरुंगात बंद होता, शपथेवर बोलत होता आणि प्रत्येक शब्द विरोधी वकील तासून पाहत होता. पहिल्या प्रकारात माणूस सुटून गेला आणि माहिती सरकारच्या कपाटात राहिली. दुसऱ्यात माणूस आत राहिला आणि माहिती सगळ्यांपुढे आली.

शिक्षा झाली ती २४ जानेवारी २०१३ रोजी. न्यायाधीश हॅरी लायनेनवेबर यांनी ३५ वर्षे दिली. सरकारने तीस ते पस्तीस मागितली होती, त्यातली वरची त्यांनी निवडली आणि हा माणूस बदलला आहे यावर आपला विश्वास नाही असे स्पष्ट सांगितले. ३५ हा आकडा १६६ मृत्यूंपुढे तोकडा वाटतो, मलाही वाटतो. पण अमेरिकेत संघीय शिक्षेत पॅरोल नाही, किमान ८५ टक्के शिक्षा भोगावीच लागते. पकडला तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. सगळी सवलत मिळूनही तो बाहेर पडेल तो ऐंशीच्या उंबरठ्यावर. ज्यांना माफी देऊन आपण घरी पाठवले त्यांच्या तुलनेत ही शिक्षा कमी म्हणता येणार नाही.

कराराने काय मिळाले नाही, तेही सांगितले पाहिजे. साजिद मीर भारताच्या हाती लागलेला नाही. २०२२ मध्ये पाकिस्तानच्या न्यायालयाने त्याला १५ वर्षांहून अधिक शिक्षा दिली, पण ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. हाफिज सईदच्या शिक्षाही तशाच, २६/११ साठी नव्हेत. हेडलीने नावे दिली, पुरावा दिला, पण तो पुरावा ज्या देशात चालवायचा तो देश तयार नाही. यात शिकागोच्या सरकारी वकिलांचा दोष काढता येत नाही. नऊ आरोपींपैकी करारानंतर खरोखर भारताच्या न्यायालयापुढे आलेला एकमेव माणूस म्हणजे तहव्वुर राणा. त्याने गुन्हा कबूल केला नव्हता, कराराचे वचन घेतले नव्हते, म्हणून त्याला पाठवता आले. आणि त्याला पाठवण्याइतका पुरावा आहे असे अमेरिकी न्यायालयांनी मानले ते मुख्यतः हेडलीच्या शब्दांवर आणि त्या शब्दांना आधार देणाऱ्या कागदांवर. ताडदेवच्या कार्यालयाला राणाने कसा होकार दिला, व्हिसाच्या अर्जात काय खोटे भरले, हल्ल्यानंतर दोघे काय बोलले, हे सगळे त्यातच आले.

एप्रिल २०२५ मध्ये राणा दिल्लीत उतरला आणि एनआयएच्या कोठडीत गेला. त्याचा खटला उभा राहील तेव्हा हेडलीची साक्ष पुन्हा लागेल आणि परदेशी न्यायालयांसाठी साक्ष द्यायचे २०१० च्या करारातले कलम तेव्हाही त्याच्यावर बंधनकारक असेल. तो पुन्हा पडद्यावर दिसेल, पुन्हा वाहिन्यांवर त्याच्या नावाने आग पाखडली जाईल. त्या दिवशी निवेदकांनी एक काम जरूर करावे. राणाविरुद्धचे हेडलीचे प्रत्येक विधान कोणत्या तिकिटावर, कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या अर्जावर टेकलेले आहे ते प्रेक्षकांना दाखवावे आणि जे कशावरच टेकलेले नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.